काड्या फुल, नेट गुल: यूएसबीमुळे वाय-फाय अडतं तेव्हा काय करायचं

वाय-फायच्या काड्या पूर्ण दिसतात, शेजारी ठेवलेल्या मोबाइलवर व्हिडिओ झकास चालतो, आणि लॅपटॉपवर मात्र साधा मेल उघडायची मारामार. माउसचा बाण अडखळत, उड्या मारत जातो. ब्लूटूथ हेडफोनमधला आवाज मध्येच तुटतो. यातली दोन लक्षणं जरी एकदम दिसली, तरी नेटवाल्याला फोन लावण्याआधी लॅपटॉपच्या कडेला काय काय खोचलंय ते बघा. पोर्टेबल हार्ड डिस्क, एसएसडी, पेनड्राइव्ह, हब (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारी डबी), यातलं काही यूएसबी ३ चं असेल तर पहिला संशय त्यावरच घ्यायचा.

साताऱ्यात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. ‘वाय-फाय कार्ड गेलंय, नवीन टाका’ म्हणून जी मशीन येतात, त्यांत कार्ड खरोखर गेलेलं फार कमी वेळा निघतं. लग्नाचे फोटो काढणारा एक गडी असाच आला होता. त्याच्या घरी नेटवाल्यांनी राउटर बदलून दिला होता, कुणीतरी विंडोज फॉरमॅट मारून दिलं होतं, आणि तरी गिऱ्हाइकाला फोटो पाठवायला बसलं की अपलोड अर्ध्यात मरायचं. दुकानात मशीन लावलं तर नेट सुसाट. मग त्याला म्हटलं, घरी जसं बसतोस तसं सगळं जोड बघू. त्याने पिशवीतून एसएसडी काढली, केबल जेमतेम वीतभर, आणि ती डिस्क सवयीने स्क्रीनच्या मागे, बिजागरीला टेकवून ठेवली. नेट तिथेच बसलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. त्याचं काम कसं मार्गी लागलं ते पुढे येईल, त्यात सगळ्यांच्या उपयोगाची एक युक्ती आहे.

हे होतं कशामुळे

यूएसबी ३ चं मूळ रूप २००८ मध्ये आलं. वेग सेकंदाला ५ गिगाबिट. आता ५ अब्ज शून्य-एक एका सेकंदात तारेवरून पाठवायचे, तर तारेतला विद्युत सिग्नल सर्वांत घाईत असताना सेकंदाला २.५ अब्ज वेळा वर-खाली होतो. म्हणजे २.५ गिगाहर्ट्झ. आणि आपलं जुनं वाय-फाय, ब्लूटूथ, डोंगलवाला माउस (ज्याचा छोटा रिसीव्हर यूएसबी पोर्टात खोचतात तो) ही सगळी मंडळी राहतात २.४ ते २.४८ गिगाहर्ट्झमध्ये, अगदी भिंतीला भिंत लागून. तारेतला हा सिग्नल थोडा हवेतही गळतो आणि या मंडळींच्या कानावर गोंगाट म्हणून पडतो. त्यात यूएसबी ३ मध्ये डेटा मुद्दाम विस्कटून पाठवतात, त्यामुळे ही गळती एका ठिकाणी न राहता सगळ्या पट्ट्यात पसरते. केबल, सॉकेट आणि डिस्कची डबी, तिन्हीकडून ती बाहेर पडते. इंटेलने २०१२ मध्ये याचं मोजमाप प्रसिद्ध केलं होतं. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ च्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढलेला त्यांना दिसला. २० डेसिबल म्हणजे शंभर पट.

यूएसबी २ चा वेग ४८० मेगाबिट, त्यामुळे त्याची गळती इतक्या वर पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. जुन्या पेनड्राइव्हने हा त्रास होत नाही तो म्हणून.

काड्यांचा घोळ इथेच आहे. काड्या सांगतात राउटरचा आवाज किती मोठा पोचतोय ते. त्या आवाजाशेजारी गोंगाट किती आहे, हे त्या सांगत नाहीत. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना हॉलमधून कुणी हाक मारली, तर हाक तेवढीच मोठी असते, पण शब्द कळत नाहीत. लॅपटॉप तसा बहिरा होतो. बोलता मात्र त्याला येत असतं. म्हणून स्पीड टेस्टमध्ये पुष्कळदा डाउनलोड झोपलेलं आणि अपलोड त्यामानाने बरं, असं उलटं चित्र दिसतं. तसं दिसलं तर यूएसबीवरचा संशय आणखी पक्का करा. गोंगाट फारच असेल तर अपलोडही मरतं, कारण पाठवलेलं पोचलं की नाही ही राउटरची पोचपावतीसुद्धा लॅपटॉपला ऐकू येत नाही.

आणखी एक. ‘मी तर कॉपी-पेस्ट काहीच करत नव्हतो’ असं गिऱ्हाईक हमखास सांगतं. खरं असेल ते. पण यूएसबी ३ ची जोडणी जागी असली की डेटा नसतानाही दोन्ही टोकं तारेवर काहीतरी बडबडत राहतात. डिस्क नुसती खोचलेली असणं त्रासाला पुरेसं आहे.

आधी खात्री करा

सगळं उपटा. हब, डिस्क, पेनड्राइव्ह, माउसचं डोंगल, एचडीएमआयची वायरसुद्धा. टचपॅडवर काम करा. लॅपटॉप २.४ वर जोडलाय का ते बघा. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘नेटवर्क बँड’ असं लिहिलेलं असतं.

मग विंडोज की आणि आर एकत्र दाबून सीएमडी टाइप करा आणि काळ्या खिडकीत पिंग लावा, म्हणजे राउटरला सारखी हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघा: पिंग, जागा सोडून राउटरचा पत्ता, परत जागा सोडून हायफन आणि टी. पत्ता राउटरच्या बुडाशी स्टिकरवर छापलेला असतो, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१. पिंग गूगलला लावू नका, राउटरलाच लावा. गूगलपर्यंतच्या वाटेत नेटवाल्याचं सगळं जाळं येतं, आणि आपल्याला फक्त लॅपटॉप ते राउटर एवढ्या हवेची तपासणी करायची आहे.

एकाखाली एक ओळी पडायला लागतील. शेवटी मिलिसेकंदांत वेळ असते. त्याच खोलीत राउटर असेल तर दोन, तीन, पाच असे आकडे यावेत. मिनिटभर ते शांतपणे पडू द्या. आता डिस्क जोडा आणि खिडकीवरून नजर काढू नका. यूएसबीचा दोष असेल तर आकडे चाळीस, दीडशे, तीनशे असे उड्या मारतात, आणि मधेच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ ओळ येते. डिस्क काढली की दोन-चार सेकंदांत पुन्हा शांत. योगायोग नाही ना हे बघायला काढ-घाल पुन्हा करा. पण डिस्क काढताना ‘इजेक्ट’ करून काढा, फोटो गेले तर माझ्या नावाने शंख करू नका.

आता खरी मजा. डिस्क जोडलेलीच ठेवून नुसती हातात धरून फिरवा. उजवीकडे, डावीकडे, स्क्रीनमागे, केबल जाईल तेवढी लांब. एका जागी आकडे उसळतील, एका जागी पडतील. लॅपटॉपची अँटेना कुठे आहे हे तुम्हाला मशीन न उघडता कळलं. प्लास्टिक बॉडीच्या मशीनमध्ये ती बहुधा स्क्रीनच्या वरच्या किंवा बाजूच्या चौकटीत असते, धातूच्या बॉडीत बऱ्याचदा बिजागरीपाशी. म्हणून ‘मागे ठेवलं की टेबल मोकळं दिसतं’ ही सवय नडते.

मॅकवाल्यांचं काम अजून सोपं. ऑप्शन की दाबून धरून वरच्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल आणि नॉइज दोन्हीचे आकडे दिसतात. नॉइज उणे नव्वदच्या आसपास असेल तर हवा स्वच्छ. डिस्क जोडल्यावर तो उणे ऐंशीकडे सरकला तर गोंगाट दहापट झाला, एवढं गणित पुरे.

डिस्क जोडली-काढली तरी पिंगमध्ये काहीच फरक पडत नसेल, तर हा लेख तुमच्या दुखण्यावरचा नाही. त्या केससाठी शेवटी थोडं लिहिलंय.

उपाय, मी ज्या क्रमाने करतो त्या क्रमाने

वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. ५ गिगाबिटच्या यूएसबीचा गोंगाट ५ गिगाहर्ट्झपाशी जवळजवळ शून्यावर येतो, त्यामुळे तिथे निवांत असतं. राउटर दोन्ही पट्ट्यांचा असेल तर दोन नावं दिसतात, त्यातलं एक शेवटी ५जी लावलेलं. (याचा मोबाइलच्या ५जीशी काडीचा संबंध नाही. ‘माझ्या फोनमध्ये ५जी सिम नाही, मग मी कसं वापरू’ हा प्रश्न दुकानात अजून येतो.) दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नावं वेगळी करा, किंवा विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिफर्ड बँड’ असेल तर तिथे ५ निवडा. सगळ्या कार्डांत ही सोय नसते.

अडचण दोन ठिकाणी येते. जुन्या वाड्याची दीड-दोन फुटी भिंत मध्ये असेल तर ५ चा सिग्नल तिथेच गारद होतो. आणि स्वस्तातल्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये कार्डच २.४ चं असतं. कार्डाच्या माहितीत ८०२.११ पुढे एसी किंवा एएक्स लिहिलं असेल तर ५ चालतं. नुसतं बी-जी-एन असेल तर नाही. तसं कार्ड असेल तर बहुतेक मशीनमध्ये ते बदलता येतं, पण काही मशीनमध्ये बोर्डावरच डाग दिलेलं असतं, म्हणून कार्ड विकत घेण्याआधी मागची बाजू उघडून बघा.

यूएसबी १० गिगाबिटची असेल, म्हणजे नव्या एसएसडी, तर गोंगाट ५ गिगाहर्ट्झपर्यंतही जाऊ शकतो. तिथे पुढचे उपाय लागतात.

वाय-फाय ५ वर गेलं तरी माउस आणि ब्लूटूथ २.४ मध्येच राहतात, त्यांना दुसरं घर नाही. पण ब्लूटूथला एक फायदा होतो. लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात आणि २.४ वर आळीपाळीने बोलतात. वाय-फाय तिथून उठलं की ब्लूटूथला ऐसपैस जागा मिळते. नुसत्या एवढ्यानेही हेडफोन सुधारलेले मी बघितलेत.

माउसचं डोंगल म्हणजे माउसचं ऐकणारा कान. तो कान यूएसबी ३ च्या डिस्कशेजारच्या पोर्टात घातला तर काय होणार? डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला घाला. ते जमत नसेल तर साधी यूएसबी २ ची एक्स्टेंशन वायर घ्या आणि डोंगल माउसपॅडच्या कडेला आणून ठेवा. काही माउसच्या खोक्यात अशी आखूड वायर येते आणि खोक्यासकट माळ्यावर जाते. माउसच्या तक्रारींवर याहून खात्रीचा इलाज मला माहीत नाही. बॅटरी बदलणं, ड्रायव्हर टाकणं, टेबलावर कागद घालून बघणं, हे सगळं लोक आधी करून आलेले असतात.

डिस्क लांब करा. इंच-दोन इंचांनीही फरक पडतो, पण हातभर अंतर ठेवलं तर बहुतेक वेळा विषय मिटतो. त्यासाठी मीटरभराची चांगली केबल घ्या. चांगली म्हणजे जाड, आणि प्लगचं धातूचं कवच घट्ट, हललं तर खुळखुळ न वाजणारं. स्वस्त केबलमध्ये आतली जाळी प्लगच्या कवचाला नीट जोडलेली नसते, आणि गळती नेमकी त्या सांध्यातून होते. थेट खोचायचा यूएसबी ३ पेनड्राइव्ह या बाबतीत फार वाईट, कारण केबलच नाही. त्याला छोटी एक्स्टेंशन लावा.

त्या फोटोवाल्याची युक्ती

त्याच्याकडे राउटर २.४ चाच, टेबल चिंचोळं, डिस्क लांब ठेवायला जागा नाही. म्हणून त्याची एसएसडी मी यूएसबी २ वर उतरवली. मोबाइलच्या चार्जरबरोबर जी सी-टाइप केबल येते, तिच्यात बहुतेक वेळा यूएसबी २ च्याच तारा असतात. तीच केबल एसएसडीला लावली. डिस्क ओळखली गेली, फोटो दिसले, आणि पिंगचे आकडे पुन्हा तीन-चारवर येऊन बसले.

‘पण डिस्क हळू झाली ना?’ झाली. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला तीस ते चाळीस मेगाबाइट मिळतात. आता त्याचं नेट १०० मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. फोटो वर चढवताना अडणारी जागा नेट आहे, डिस्क नाही. तीस मेगाबाइटची डिस्क त्याला अडीचपट पुरून उरते. एडिटिंगला बसताना तो आपली मूळची वेगवान केबल लावतो, तेव्हा नेट नसलं तरी चालतं. दोन केबली, दोन कामं.

जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क असेल, जिच्या केबलचं टोक पसरट आणि मध्ये खाच असलेलं असतं, तर त्यात अजून गंमत आहे. त्या सॉकेटचे दोन भाग दिसतात, एक मोठा, एक चिंचोळा. मोठा भाग म्हणजे जुन्या मोबाइलचं मायक्रो यूएसबी सॉकेटच. तिथे जुन्या चार्जरची मायक्रो यूएसबी केबल, ती डेटा चालणारी हवी, अलगद बसते आणि डिस्क यूएसबी २ म्हणून चालू होते. चिंचोळा भाग रिकामा राहतो, राहू दे. डिस्क सुरू होताना टिक-टिक करायला लागली तर वीज कमी पडतेय, ती केबल काढा आणि दुसरी लावून बघा.

मोठ्या चौकोनी प्लगची केबल कुठली आहे हे ओळखायचं तर तिच्या तोंडात बघा. पुढे चार पट्ट्या दोन्हीत असतात. यूएसबी ३ च्या प्लगमध्ये त्यांच्या मागे, आत खोल, आणखी पाच असतात. यूएसबी ३ म्हणजे निळं असं म्हणतात, पण रंगावर भरवसा ठेवू नका, काळ्या प्लास्टिकची यूएसबी ३ पोर्टं हल्ली ढिगाने आहेत.

हबवाल्यांसाठी

लॅपटॉपच्या अंगाला चिकटून बसणारे, केबल नसलेले हब दिसायला देखणे असतात. मी ते कुणाला घ्यायला सांगत नाही. वीतभर का होईना केबल असलेला हब घ्या आणि तो समोर किंवा बाजूला ओढून ठेवा, मागे नाही. हबला लॅनचं पोर्ट असेल तर राउटरपासून सरळ वायर ओढा, म्हणजे वाय-फायची भानगडच संपली. वर्क फ्रॉम होमवाल्यांना मी हेच सांगतो, आणि ते ‘वायर वाईट दिसते’ म्हणून ऐकत नाहीत.

हबमधून मॉनिटर जोडला असेल तर एकट्या एचडीएमआयमुळेही असाच त्रास झालेला मी पाहिलाय. डिस्क काढूनही पिंग उड्या मारत असेल तर मॉनिटरची वायर काढून बघा, किंवा मॉनिटरचं रिझोल्यूशन तात्पुरतं बदलून बघा.

राउटरच्या मागेही यूएसबी पोर्ट असतं आणि काही जण तिथे सिनेमांची डिस्क लावून ठेवतात. मग बहिरा होतो तो राउटर, आणि घरातल्या सगळ्यांचं २.४ चं वाय-फाय एकदम रडत-खडत चालतं. काही राउटरच्या सेटिंगमध्ये यूएसबी ३ चा त्रास कमी करायचा पर्याय दिलेला असतो. तो चालू केला की पोर्ट यूएसबी २ च्या वेगाने चालतं.

यात वेळ घालवू नका

चॅनेल बदलणं. शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी असेल तर राउटर १, ६ किंवा ११ नंबरच्या चॅनेलवर हलवण्याचा खेळ उपयोगी, पण हा गोंगाट सगळ्या पट्ट्यात पसरलेला असतो, कुठल्याही चॅनेलवर गेलात तरी तो तिथे हजर. गोंगाट अडवायला म्हणून केबलवर चढवायचे काळे फेराइटचे मणी: बाजारात मिळणारे बहुतेक याहून खूप खालच्या फ्रिक्वेन्सीसाठी असतात. डिस्कला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळण्याचे व्हिडिओ आहेत. सॉकेटपाशी फट राहतेच, गळती तिथूनच होते, आणि आतली डिस्क तापते ते वेगळंच. वाय-फाय बूस्टर तर राउटरचा आवाज मोठा करणार, लॅपटॉपच्या कानाशी चाललेला गोंगाट तसाच. विंडोज फॉरमॅट मारण्याबद्दल मी काही बोलत नाही, माझाही त्यावर थोडाफार धंदा चालतो.

यूएसबी निर्दोष निघाली तर

सगळं उपटलेलं असतानाही पिंग खराब येत असेल तर आधी स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह बघा, तोही २.४५ वरच चालतो. फक्त जेवणाच्या वेळी त्रास होतोय का, एवढं विचारलं तरी उलगडा होतो. ब्लूटूथ काही मिनिटं न वापरल्यावरच अडखळत असेल तर तो पॉवर सेव्हिंगचा प्रकार आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण दिसली तर ती काढा.

आणि राउटरच्या अगदी शेजारी बसल्याशिवाय काड्याच येत नसतील, किंवा स्क्रीन पुढे-मागे झुकवली की सिग्नल येतो-जातो, तर अँटेनाची वायर बघायला लागते. कार्डावर एक काळी आणि एक पांढरी अशा दोन बारीक वायरी बटणासारख्या दाबून बसवलेल्या असतात, आणि त्या बिजागरीतून वर जातात. बिजागरी कडक झालेल्या मशीनमध्ये त्या तिथे चिरडतात, किंवा आधीच्या दुरुस्तीत कुणी बटण नीट दाबलेलं नसतं. बटण निसटलं असेल तर नखाने सरळ वरून दाबा, टक् असा बारीक आवाज येतो. तिरकं दाबलंत तर कार्डावरची टाचणीएवढी पिन मोडते आणि मग खरंच नवीन कार्ड टाकायला लागतं.